जुहू ते बारामती : छत्तीस वर्षांनी पुन्हा विमान शिकताना

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त २६ जानेवारी २०२५ रोजी झेंडावंदनानंतर क्लब हाऊसमध्ये केलेल्या भाषणाचा लिखित पाठ. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)



सेक्रेटरींनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि त्यानंतर पोहे आहेत, हे मला माहीत आहे. तेव्हा प्रस्तावना करत नाही. गेलं वर्षभर मी आठवड्यातून एक-दोनदा पहाटे साडेचारला गाडी काढतो, आणि वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी मला विचारून झालंय, 'काका, एवढ्या पहाटे कुठे?' काहींचा समज होता की मी बारामतीला जमीन घेतली. काहींना वाटलं, रिटायर झाल्यावर पुन्हा नोकरी धरली. खरं काय ते आज माईकवरून सांगतो. मी बारामतीच्या विमानतळावर छोटं विमान चालवायला शिकतो आहे. 'शिकतो आहे' म्हणण्यापेक्षा, अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करतो आहे.

आपल्याला वाघोलीकरांना विमानाचं अप्रूप नाही. आपण सगळे लोहगावच्या धावपट्टीच्या तोंडाशी राहतो. २००० साली आपण इथे आलो तेव्हा आजूबाजूला दगडखाणी, क्रशरची धूळ, टँकरचं पाणी, आणि डोक्यावर विमानं. २००२ मध्ये हवाई दलाची सुखोई-३० एमकेआय लोहगावला आली आणि आपल्या खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या. पाहुणे दचकायचे, आपली मुलं झोपेतून उठायचीही नाहीत. पूर्वेकडून उतरणारं प्रवासी विमान आपल्यावरून जातं तेव्हा धावपट्टी पाच-सहा किलोमीटरवर राहिलेली असते. उतरताना विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येतं, म्हणजे आपल्यावर ते हजारेक फुटांवर असतं. गच्चीवर वाळवण घालणाऱ्या आपल्या काकू विमानाच्या पोटावरची अक्षरं वाचतात, ती उगाच नाही. इमारतीच्या उंचीसाठी हवाई दलाची ना हरकत लागते, हेही आपल्याला बिल्डरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आता माझी गोष्ट. मी मूळचा शेतकऱ्याचा मुलगा. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये मी सतरा वर्षांचा होतो. तेव्हा वर्तमानपत्रात जे. आर. डी. टाटांचा फोटो आला. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी कराचीहून टपाल घेऊन एका इंजिनाच्या विमानातून जुहूला आणून उतरवलं होतं. त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तसंच छोटं विमान घेऊन पुन्हा एकट्याने कराची ते मुंबई प्रवास केला आणि जुहूलाच उतरले. भारतात दिलेलं पहिलं पायलट लायसन्स त्यांचं, १० फेब्रुवारी १९२९ चं, क्रमांक १. पण माझ्या डोक्यात राहिला तो ७८ चा आकडा. आमच्या गावात ७८ वर्षांचा माणूस पारावर बसायचा.

चार वर्षांनी मुंबईत नोकरीला लागलो आणि पहिल्या पगारापासून पैसे साठवून जुहूला नाव घातलं. तेव्हा आम्हाला शिकवायला पुष्पक नावाचं विमान होतं. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बंगळुरूला बनवलेलं, दोन सीटचं, नव्वद अश्वशक्तीचं, पंखांवर चक्क कापड ताणून रंगवलेलं. ते आपल्या डॉ. वि. मा. घाटगे यांच्या हाताखाली तयार झालं आणि देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत गेलं. त्याचं तिसरं चाक शेपटीला. जमिनीवर असताना नाक वर, त्यामुळे समोरचं काही दिसत नाही, आणि उतरताना पाय जरा गाफील राहिले की विमान भोवऱ्यासारखं फिरायला बघतं. त्याने आमच्या पायांना शिस्त लावली.

१९८७ च्या फेब्रुवारीत मी पहिल्यांदा एकट्याने उडालो. एप्रिलमध्ये वडिलांना अर्धांगवायू झाला. मी थोरला. शिक्षण थांबलं. लॉगबुकात शेवटची नोंद १८ तास ४० मिनिटं. पुढे पुण्याला बदली, लग्न, मुली, मग वाघोलीचा फ्लॅट आणि त्याचे हप्ते. ते लॉगबुक सातबाराच्या उताऱ्यांबरोबर पत्र्याच्या ट्रंकेत राहिलं. याबद्दल मला कधी दुःख वाटलं असं म्हणणं खोटं होईल. वेळच नव्हता.

२०२३ ला रिटायर झालो. धाकटीचं लग्न झालं. एक दिवस ट्रंक उघडली ती पीएफच्या कागदासाठी, आणि हातात आलं लॉगबुक.

मुलांसाठी थोडी माहिती, पटकन सांगतो. खाजगी वैमानिकाचा, म्हणजे पीपीएलचा परवाना मिळवायला वय किमान सतरा आणि दहावी पास लागतं. किमान चाळीस तास उड्डाण, त्यातले वीस एकट्याने. शिवाय एक लांबचा प्रवास, दीडशे सागरी मैल म्हणजे पावणेतीनशे किलोमीटरच्या वरचा, त्यात दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून थांबायचं. लेखी परीक्षा, रेडिओची परीक्षा, आणि डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडून दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी. या परवान्यावर पैसे घेऊन विमान चालवता येत नाही. नोकरीसाठी सीपीएल लागतो, त्याला दोनशे तास आणि बारावीला फिजिक्स, मॅथ्स.

माझी खरी धाकधूक वैद्यकीय तपासणीची. बीपीची गोळी चालू आहे. ईसीजी, साखर, डोळे, कान, सगळं झालं आणि सर्टिफिकेट मिळालं. त्याहून जास्त त्रास झाला १९८१ च्या दहावीच्या मार्कशीटची बोर्डाकडून पडताळणी करून आणायचा. त्यावर मी स्वतंत्र भाषण करू शकेन, पण पोहे थंड होतील.

एवढं सगळं होईपर्यंत ऑक्टोबर आला, आणि १९ ऑक्टोबर व २२ ऑक्टोबर अशा चार दिवसांत बारामती परिसरात दोन शिकाऊ विमानं पडली. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या बातमीची लिंक तीन जणांनी टाकली होती. त्यांना बिचाऱ्यांना माहीत नव्हतं की मी पुढच्या महिन्यात तिथे जाणार आहे. सुदैवाने दोन्हींत जीव कुणाचा गेला नाही. आमच्या घरात मात्र त्या रात्री टीव्ही बंद झाला. ही काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना एवढंच म्हणाली, 'तुम्हाला जायचंच असेल तर मी नको म्हणणार नाही. पण मला सगळं समजावून सांगायचं. इंजिन बंद पडलं तर काय, तेसुद्धा.'

मी आता जे तुम्हाला सांगणार आहे, ते बरंचसं आधी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून तिला सांगितलेलं आहे.

डिसेंबरमध्ये मी पहिल्यांदा बारामतीला गेलो. केसनंद, थेऊर करत सोलापूर रस्त्याला लागायचं आणि पाटसला वळायचं. माझी शिकवणारी, म्हणजे इन्स्ट्रक्टर, सत्तावीस वर्षांची. माझ्या थोरलीपेक्षा लहान. पहिल्या दिवशी मला 'सर' म्हणाली, मी तिला 'मॅडम'. आठवड्याभरात 'सर'चं 'काका' झालं. विमानात बसल्यावर मात्र ना सर ना काका. तिथे फक्त 'आय हॅव कंट्रोल' आणि 'यू हॅव कंट्रोल', म्हणजे विमान या क्षणी कुणाच्या हातात आहे ते स्पष्ट बोलायचं आणि दुसऱ्याने तेच उलट म्हणून दाखवायचं. वय, मान, संकोच यांना त्यात जागाच ठेवलेली नाही. आपल्या जनरल बॉडी मीटिंगला अशी काही पद्धत आणता आली तर बघा.

तिने माझं जुनं लॉगबुक पानापानाने वाचलं. म्हणाली, 'तुमचे पाय विसरले नसतील. डोळ्यांचं बघावं लागेल.' तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. दोन उड्डाणांनंतर लागला.

तसंच झालं. पाय खरंच विसरले नव्हते. आताचं विमान सेसना १७२, चार सीटचं, चाक नाकाखाली, पुष्पकच्या मानाने फारच समजूतदार. वळताना रडरवर पाय आपोआप पडत होते. पण जुहूला मी जे विमान चालवायला शिकलो होतो त्यातलं निम्मं विमान नव्हतंच, ते जुहू होतं. म्हणजे असं की, उतरण्याआधी धावपट्टीभोवती एक चौकोनी फेरी मारतात, तिला सर्किट म्हणतात. जुहूला आम्हाला सांगितलेलं असायचं की त्या पाण्याच्या टाकीवर आलास की वळ, समुद्राची फेसाची रेघ दिसली की इंजिन कमी कर, अमुक इमारतीच्या गच्चीवर आलास की एवढी उंची हवी. ते पाठ झालं की विमान बरोबर उतरायचं. बारामतीला समुद्रही नाही आणि ती टाकीही नाही. मग काय बघून वळायचं?

पहिला फरक खुद्द उंचीच्या काट्याचा. जुहू समुद्राला लागून, तिथे काटा हजारावर म्हणजे तुम्ही जमिनीपासून हजार फूट वर. बारामतीचं पठार समुद्रसपाटीपासून जवळपास दोन हजार फूट. इंजिन सुरू करायच्या आधीच काटा दोन हजारांच्या आसपास उभा असतो. जमिनीपासून हजार फूट हवे असतील तर काट्यावर तीन हजार. हा हिशेब चौथीतला आहे, पण हात लिव्हरवर, कानात रेडिओ आणि मनात छत्तीस वर्षांपूर्वीचा 'हजार' असताना तो करायचा असतो.

दुसरा फरक हवेचा. उंचावर हवा विरळ, आणि उन्हाने आणखी विरळ. एप्रिलमध्ये दुपारी अडतीस अंशांत बारामतीचं विमान असं वागतं की जणू पाच हजार फुटांवरून उडतंय, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंचावरून. धावपट्टीवर जास्त पळतं, चढताना आळस करतं. काट्यावर वेग तोच दिसला तरी जमिनीवरून सरकण्याचा वेग जास्त असतो. म्हणून आमची उड्डाणं सकाळची, आणि म्हणून साडेचारला गाडी.

आणि तिसरा फरक, खुणांचा. मी आपल्या परीने बारामतीत नव्या खुणा शोधायला लागलो. वरून निरा डावा कालवा चांदीच्या पट्टीसारखा दिसतो, कऱ्हा नदी दिसते, एमआयडीसीचे पत्रे चमकतात, ईशान्येला लांब उजनीचं पाणी. पण सर्किटमध्ये वळायला जवळची खूण हवी. खाली सगळा ऊस, एकसारखे हिरवे चौकोन. मी एक शेत धरून ठेवलं, त्याला कोपऱ्यात विहीर आणि दोन नारळ. मॅडमना सांगितलं, 'इथून वळलो की जमतंय.' ती हसली. म्हणाली, 'काका, तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले ना? कारखाने सुरू आहेत. पुढच्या आठवड्यात तोड आली की तुमची खूण गाळपाला जाईल.' आणि मंडळी, खरंच पुढच्या मंगळवारी तिथे पाचट जाळलेलं काळं रान होतं.

मग तिने मला खुणांशिवाय वळायला शिकवलं. धावपट्टीला समांतर जाताना ती खिडकीतून पंखाच्या तिरक्या दांडीच्या मध्यावर दिसली पाहिजे. त्याहून वर गेली की तुम्ही लांब, खाली आली की फार जवळ. धावपट्टीचं टोक खांद्याच्या मागे पंचेचाळीस अंशांवर गेलं की वळायचं. शेवटच्या टप्प्यात, धावपट्टी समोर आली की काचेतून बघत राहायचं: जो ठिपका काचेवर वर सरकतो, तिथवर तुम्ही पोचणार नाही, जो खाली सरकतो, त्याच्या पुढे जाल, आणि जो जागचा हलत नाही, विमान तिथेच टेकणार. त्या न हलणाऱ्या ठिपक्याला धावपट्टीच्या आकड्यांवर आणायचं. वेग पासष्ट नॉट, म्हणजे ताशी एकशेवीस किलोमीटर. बस, एवढंच. हे बारामतीत चालतं, धुळ्याला चालेल आणि टिंबक्टूलाही चालेल, कारण यात बारामतीचं असं काही नाहीच.

धावपट्टीचा आकारही डोळ्यांना फसवतो. सवयीपेक्षा अरुंद धावपट्टी दिसली की वाटतं आपण उंच आहोत, आणि माणूस नकळत खाली जातो. रुंद असली की उलट. चढाची असली तर आणखी वेगळं. हे माझ्या म्हातारपणाचं लक्षण नव्हे, पुस्तकात लिहिलेला धडा आहे, मोठमोठ्या कॅप्टनांसाठीसुद्धा. अनोळखी ठिकाणी माणूस समोर आहे ते बघत नाही, बघायची सवय आहे ते बघतो. जुहूचीच गोष्ट आहे. जुलै १९५३ मध्ये बीओएसी कंपनीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं, आणि ते तिथून उडवून न्यायला नऊ दिवस लागले. २४ सप्टेंबर १९७२ ला पहाटे जपान एअरलाइन्सचं डीसी-८ तसंच सांताक्रूझऐवजी जुहूला उतरलं आणि धावपट्टी संपल्यावर पुढे गेलं. ते विमान पुन्हा उडालं नाही, पण माणसं वाचली. दोन विमानतळ शेजारीशेजारी, जवळजवळ एकाच दिशेच्या धावपट्ट्या. आमचे जुहूचे वयस्क इन्स्ट्रक्टर ही गोष्ट प्रत्येक नव्या बॅचला सांगायचे आणि मग विचारायचे, 'होकायंत्र बघितलंस का?'

आता हिने विचारलेला प्रश्न. इंजिन बंद पडलं तर काय?

हजार फुटांवर इंजिन थांबलं तर सेसना दगडासारखं पडत नाही. ते घसरत येतं. दोन-अडीच किलोमीटर जाता येतं आणि हातात दीड मिनिटाच्या आतबाहेर वेळ असतो. तेवढ्यात शेत निवडायचं, रेडिओवर सांगायचं, आणि उतरायचं. याचा सराव आम्हाला इतक्यांदा करून घेतात की विचारू नका. इन्स्ट्रक्टर गप्पा मारता मारता अचानक इंजिन कमी करते आणि म्हणते, 'बंद पडलं. कुठे जाणार?'

या एका बाबतीत मी वर्गातल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलांपेक्षा पुढे आहे, हे अभिमानाने सांगतो. ती दिल्ली, बंगलोरची हुशार पोरं. गणित पटापट करतात, रेडिओवर इंग्रजी फाडफाड बोलतात. पण वरून हिरवं दिसलं की त्यांना ते मैदान वाटतं. मला ठाऊक आहे की तो दहा-बारा फूट उंच ऊस आहे आणि त्यात विमान गेलं तर मेलेलंच बरं. ज्वारी कापलेलं रान चांगलं, पडीक चांगलं, पण पडीकात दगड किती ते रंगावरून ओळखायचं. नांगरट असेल तर सरीच्या आडवं कधी उतरायचं नाही, सरीच्या दिशेनेच. विहीर, शेततळं आणि सगळ्यात वाईट म्हणजे विजेच्या तारा. तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. खांबांची रांग दिसली की तार आहेच असं धरायचं. वाऱ्याची दिशा हवी असेल तर साखर कारखान्याचं धुराडं बघायचं, नाहीतर गुऱ्हाळाचा धूर. मी हे सगळं सांगायला लागलो तेव्हा मॅडमनी दोन मुलांना बोलावून ऐकवलं. वडिलांनी मला बांधावर उभं करून शिकवलेलं ते ज्ञान, ज्यासाठी शेती सोडून पंचेचाळीस वर्षं झाली, ते तीन हजार फुटांवर कामाला आलं.

हे ऐकून हिचं समाधान झालं का? नाही. पण ती म्हणाली, 'बरं, निदान बघून तरी पडाल.'

बारामतीला आपल्या लोहगावसारखा हवाई दलाचा कंट्रोल टॉवर नाही. तिथल्या प्रशिक्षण संस्थांमधलेच लोक रेडिओवर वारा आणि वाहतुकीची माहिती देतात, बाकी प्रत्येक पायलट आपण कुठे आहोत, कुठे वळतोय ते सांगत राहतो. एकाच वेळी चार-पाच विमानं त्या चौकोनात असतात. जुहूला मी आज्ञा ऐकायला शिकलो होतो. इथे मला मनात नकाशा मांडायला लागला: आवाज कुणाचा, तो कुठे असेल, मी तिथे पोचेन तेव्हा तो कुठे गेला असेल. पहिले काही दिवस संध्याकाळी डोकं ठणकायचं. मग मी एक केलं. नगर रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत मनातल्या मनात प्रत्येक गाडीची जागा म्हणत घरी यायचं. केसनंद फाट्याचा चौक जो रोज पार करतो, त्याला बारामतीचं सर्किट जड जाऊ नये.

जानेवारी संपत आला तरी मॅडम एकट्याने सोडेनात. मी विचारलं नाही. विचारायचं नसतं. एक दिवस ठरलं, मी विमानाभोवती फिरून तपासणी केली, पेट्रोल बघितलं, आणि तेवढ्यात वारा धावपट्टीला आडवा झाला. ती बराच वेळ वाऱ्याच्या पिशवीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, 'आज नको.' मी गाडीत बसून परत आलो. पाटसला चहा प्यायलो. एकोणसाठाव्या वर्षी सत्तावीस वर्षांच्या मुलीने 'आज नको' म्हटल्यावर कसं वाटतं, असं मला आपल्या इथल्याच एका मित्राने विचारलं. मी म्हटलं, माझ्या जीवाची काळजी माझ्या खालोखाल तिलाच आहे, आणि तिचं मत माझ्यापेक्षा थंड डोक्याचं आहे. वाईट कशाचं वाटायचं?

पुढच्या खेपेला ही बरोबर आली. आदल्या रात्री काही बोलली नाही, पहाटे डबा भरला आणि गाडीत येऊन बसली. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. मॅडमबरोबर तीन फेऱ्या झाल्या, आणि मग चालू इंजिनातच ती दार उघडून उतरली, पट्टा रिकाम्या सीटवर नीट बांधून ठेवला, अंगठा दाखवला आणि चालत निघून गेली.

एक माणूस कमी झाला की विमान हलकं होतं, हे माहीत असतं. पण ते केवढं झटकन उचलतं! सर्किटची उंची मी समजलो होतो त्याच्या आधीच आली. उजवीकडे बघितलं तर रिकामी सीट आणि तिच्यापलीकडे धावपट्टी. डाव्या पंखाखाली ऊस, तोडलेलं रान, पुन्हा ऊस. दांडीच्या मध्यावर बघायचं, खांद्यामागे पंचेचाळीस अंश. वळलो, पुन्हा वळलो, समोर धावपट्टी. ठिपका जागेवर, वेग पासष्ट. सगळं ठीक. आणि साधारण दोनशे फुटांवर असताना धावपट्टीच्या कडेच्या गवतातून बगळ्यांचा एक थवा उठला, जरा तरंगला आणि बरोबर धावपट्टीवर येऊन बसला. पांढरे, निवांत.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असतं. पूर्ण पॉवर, नाक सावरायचं, फ्लॅप टप्प्याटप्प्याने वर, आणि रेडिओवर 'गोइंग अराउंड'. मी तेच केलं. करताना काही वाटलं नाही. वाटलं ते नंतर, वर पोचल्यावर. आवाज घशातून नीट निघाला होता का, याची शंका आली. रेडिओवर मॅडमचा आवाज आला, रोजच्याइतकाच कोरडा: 'कॉपीड. बर्ड्स ऑन रनवे.' एवढंच. दुसऱ्या फेरीला बगळे गेले होते. विमान टेकलं, धावलं, थांबलं.

खाली ही कुंपणाबाहेर कडुलिंबाखाली उभी होती. तिला वाटलं होतं की न उतरता वर गेले म्हणजे काहीतरी बिघडलं. शेजारी उभ्या असलेल्या एका मुलाने तिला सांगितलं, 'आंटी, जो वर जातो तो चांगला पायलट.' त्या मुलाला तिने डब्यातला अर्धा शिरा दिला. मला उरलेला मिळाला. नव्या लॉगबुकात नोंद झाली, सोलो, १५ मिनिटं. जुन्या लॉगबुकातली एकट्याची शेवटची नोंद होती मार्च १९८७ ची.

आता एक गंमत सांगतो आणि मग आवरतं घेतो. कॅप्टन अमोल यादव यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांनी कांदिवलीत, चारकोपला, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बनवलं. २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते लोकांनी बघितलं, पुढे त्याची रीतसर नोंदणी झाली आणि धुळ्याच्या विमानतळावरून ते उडालंही. मला त्यांच्या हुशारीचं कौतुक आहेच, पण त्याहून जास्त आश्चर्य त्यांच्या शेजाऱ्यांचं. आपल्या गच्चीवर सोलर पॅनेल बसवायला आपल्याला तीन वार्षिक सभा लागल्या. (हशा.) कमिटीने राग मानू नये.

आज माझे एकूण एकतीस तास झालेत, जुने धरले तर पन्नासच्या जवळ. पण अर्ज करताना अलीकडचा अनुभव वेगळा मोजतात, त्यामुळे जुन्याचा मी आधार धरत नाही. लेखी परीक्षा झाली. आता राहिलाय तो लांबचा प्रवास. नकाशावर रेघ मारून ठेवली आहे. बारामतीहून सोलापूर, सरळ रेषेत दीडशे किलोमीटर. इंदापूर डाव्या हाताला, मग उजनीचं धरण, टेंभुर्णी, आणि सोलापूरचा हायवे डावीकडे बरोबर चालत राहील. उजवीकडे लांब पंढरपूर. हवा स्वच्छ असेल तर चंद्रभागेचं वळण दिसेल असं मॅडम म्हणाल्या. त्यांनी ते विमानातून अनेकदा बघितलंय. मी पायी चालत बघितलंय, वडिलांबरोबर. सोलापूरला मी कधी विमानाने उतरलेलो नाही. तिथली धावपट्टी फोटोत बघितली आहे, पण फोटो बघून खुणा पाठ करायच्या नाहीत असं मला बजावण्यात आलंय.

पुढच्या सतरंजीवरची ती दोन वेण्यांची मुलगी मघापासून हात वर करून बसली आहे. बेटा, तुझा प्रश्न मला लिफ्टमध्येच कळला होता: 'आजोबा, तुम्ही आपल्या बिल्डिंगवरून गेलात की मी हात करू का?' तर नाही, आमचं छोटं विमान वाघोलीवर येत नाही. हे आकाश लोहगावचं. तू हात केलास तर तो इंडिगोच्या पायलटला जाईल. तुला बघायचंच असेल तर आईबाबांना विचार, मार्चमध्ये एका शनिवारी आपण चार-पाच मुलं बारामतीला कुंपणापर्यंत जाऊन येऊ. पहाटे साडेचारला गेटवर. डबा आणायचा.

पोहे आले वाटतं.